पाचव्या ट्यूबचं काय करायचं?

एका आईचं पत्र आलं आहे. जागेसाठी थोडं आवरून देते, पण शब्द तिचेच ठेवले आहेत.

"ताई, नऊ दिवसांपूर्वी आमची मोठी मुलगी शिकायला लांब गेली. दोन वर्षं तरी येणं होणार नाही. विमानतळावर रडायचं नाही असं मी घट्ट ठरवलं होतं. पण तीच आधी रडली, मग मला काही आवरता आलं नाही. आत जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही, ते मला फार लागलं. धाकटा अकरा वर्षांचा आहे. तो शेवटपर्यंत सामानाच्या ट्रॉलीचं चाक पायाने फिरवत उभा राहिला. ताईला त्याने धड अच्छासुद्धा केलं नाही.

आता अडचण अशी आहे. ट्यूबमध्ये बसून नदीतून वाहत जायची एक सहल आम्ही ठरवली होती. आम्ही दोघं, दोन्ही मुलं आणि धाकटे दीर, अशी पाच जणांची. कल्पना मोठीचीच. मग तिची जायची तारीख अलीकडे आली आणि सहल तिच्या माघारी राहिली. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी आहे. हे म्हणतात, जाऊ या, घरात बसून काय होणार. सासूबाई म्हणाल्या, 'पोरगी घरातून गेली आणि तुम्हाला पाण्यात खेळायचं सुचतंय?' मला दोघांचंही पटतं. हल्ली मला हसायचीसुद्धा लाज वाटते. धाकटा म्हणतो जायचंच, पण पाचवी ट्यूब रद्द करायची नाही. ती ताईची. ती रिकामी घ्यायची आणि माझ्या ट्यूबला दोरीने बांधायची. दीर म्हणतात, त्यापेक्षा सगळ्यांच्याच ट्यूब एकत्र बांधू आणि थोडी बिअर बरोबर घेऊ, म्हणजे गप्पा मारत जाता येईल. मुलाला पोहता येतं, पण तलावात शिकलेलं. मी काय करू? जाणं बरं दिसेल का?"

सस्नेह नमस्कार.

जा. बरं दिसेल की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा आणि जा. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि दर वेळी नजर एकाच ओळीवर थांबली. ती तुमच्या हसण्याची नाही, सासूबाईंच्या बोलण्याचीही नाही. अकरा वर्षांच्या मुलाने दोरी मागितली आहे, ती ओळ. तिच्याकडे मी येते. आधी तुमच्याबद्दल बोलू, कारण तुमचा जीव थाऱ्यावर नसेल तर त्याच्याशी बोलणार कोण?

हसायची लाज वाटते असं तुम्ही लिहिलंय. मुलगी सुखरूप आहे, तिच्या मनासारखं झालंय, तुम्हीच तिला पाठवलंय. तरीही घर खायला उठतं. मग आपणच आपल्याला दटावतो, की रडण्यासारखं काय झालंय? दोन दिवसांनी चुकून हसू आलं की पुन्हा दटावतो, की इतक्यात हसू कसं आलं? पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासिकेने अशा अर्धवट, नीट नाव न देता येणाऱ्या वियोगावर १९७०च्या दशकापासून काम केलं आहे. माणूस घरात दिसत नाही, पण मनातून क्षणभरही हलत नाही, ही अवस्था तिने वेगळी काढून दाखवली. तिथे रीतसर शेवट नसतो, त्यामुळे शोक करायचा की आनंद, हेच कळेनासं होतं. तिचा मूळ अभ्यास बेपत्ता झालेल्या माणसांच्या घरांचा होता. तुमचं दुःख त्या तोडीचं आहे असं मी म्हणत नाही. पण जेवताना पाचव्या जागेकडे नजर जाते, ती जागा रिकामी आहे आणि रिकामी नाहीही, एवढं त्यातलं तुमच्याही घरात आलेलं आहे.

मुलांच्या बाबांचं "घरात बसून काय होणार" हे वाक्य तुम्हाला थोडं कोरडं वाटलं असावं. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या दोन मानसशास्त्रज्ञांनी दुःखातून सावरण्याचं एक चित्र मांडलं. ते जोडीदार गमावलेल्या माणसांवरून आलेलं होतं, पण तुमच्या घरालाही ते लागू पडतं असं मला वाटतं. माणूस दुःखाकडे तोंड करून बसतो, मग उठून रोजच्या कामाला लागतो, पुन्हा बसतो, पुन्हा उठतो. हे हेलकावे म्हणजेच सावरणं, असं ते म्हणतात. सतत एकाच टोकाला बसून राहणं त्रासाचं. आता तुमच्या घरात असं झालंय की एक टोक त्यांनी धरलंय आणि दुसरं तुम्ही. त्यांना रडू येत नाही असं नाही आणि तुम्हाला नदीवर जावंसं वाटत नाही असंही नाही. वाटणी झाली आहे फक्त. एखाद्या रात्री त्यांना विचारा, "तुम्हाला तिची कधी आठवण येते?" 'येते का' असं विचारू नका, 'कधी येते' असं विचारा. उत्तर बहुधा अगदी बारीक काहीतरी निघेल. दाराची कडी लावताना येते, असं काहीतरी.

आणि ती वळली नाही, त्याबद्दल एवढंच. तुम्ही तिला रडताना पाहिलं होतं. त्या अवस्थेत वळून पुन्हा पुढे पाऊल टाकणं किती अवघड असतं, हे मी स्वतः अनुभवलंय. ते तुमच्यावर रुसणं नव्हतं.

सासूबाईंचं बोलणं मला जसं ऐकू आलं तसं सांगते. तुम्ही नदीवर जाणार, दीर जाणार, नातू जाणार. घरी कोण राहणार? ज्या घरातून नात नऊ दिवसांपूर्वी गेली, त्याच घरात त्या दिवशी त्या एकट्या असणार. "तुम्हाला सुचतंय" यातला 'तुम्हाला' हा शब्द पुन्हा ऐकून बघा. त्यात राग आहे, पण त्याच्या खाली 'मला कोणी विचारलं का' हेही आहे. त्यांना समजावत बसू नका. त्यांना एक काम द्या, आणि ते खोटं काम नसू दे. नदीवर जाणाऱ्या प्रत्येक घराला काठावरचं एक माणूस लागतं, ज्याला तुम्ही कुठून पाण्यात उतरणार, कुठे बाहेर निघणार, किती वाजेपर्यंत निघायला हवं आणि नाही निघालात तर कोणाला फोन करायचा, हे सगळं ठाऊक असतं. पाण्यात फोन भिजतात, वाहून जातात, दरीत त्यांना रेंज नसते. सासूबाईंना झेपत असेल तर बाहेर निघण्याच्या जागी काठावर बसू द्या. नसेल तर घरी फोनजवळ. वेळा कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या आणि बाहेर निघाल्याबरोबर पहिला फोन त्यांना करा. ज्याच्यावर आपण वाट बघण्याचं काम सोपवतो, त्याला मागे टाकून आलो असं होत नाही.

आता धाकटा.

मुलांचं दुःख डबक्यांसारखं असतं, असं या विषयात काम करणारी मंडळी सांगतात. मोठी माणसं दुःखाच्या नदीत उतरली की बराच काळ त्यातच असतात. मुलं डबक्यात पाय घालतात, उडी मारून बाहेर येतात, खेळायला पळतात, आणि तासाभराने पुन्हा दुसऱ्या डबक्यात. त्यामुळे "जायचंच" म्हणून हट्ट करणारा आणि "ती ताईची" म्हणणारा मुलगा एकच आहे, आणि दोन्ही वेळा खरा आहे. विमानतळावर तो चाक फिरवत उभा राहिला, कारण वर बघितलं असतं तर काय झालं असतं हे त्याला नेमकं माहीत होतं. त्याचा निरोप घ्यायचा राहून गेलाय. तो राहिलेला निरोप तो आता दोरीने बांधून नदीवर न्यायला निघालाय.

म्हणून ट्यूबला नाही म्हणताना फार सांभाळून म्हणा. नाही तर म्हणावंच लागेल, कारण वाहत्या पाण्यात दोरी नको, म्हणजे नकोच. "ताई इथे नाहीच आहे, मग ट्यूब कशाला?" हे वाक्य मात्र घरातल्या कोणाच्याही तोंडून निघू देऊ नका. त्याला खरं कारण द्या. अकराव्या वर्षी मुलाला कारण कळतं आणि कारण दिलं की मान दिल्यासारखं वाटतं. नुसतं सांगू नका, दाखवा. एक ताट मोरीत थोडं कलतं धरा आणि वरून नळ सोडा, की झाला प्रवाह. बाटलीची दोन झाकणं वीतभर दोऱ्याने एकमेकांना बांधा. ताटाच्या मध्यावर एक पेन्सिल उभी धरा, ते नदीतलं झाड. झाकणं वरून सोडा. एक पेन्सिलीच्या डावीकडून जातं, दुसरं उजवीकडून, दोरा मध्ये अडकतो आणि दोन्ही झाकणं तिथेच लटकून थरथरत राहतात. पाणी मात्र थांबत नाही, ते त्यांच्या अंगावरून जात राहतं. मग दोरा कापून तीच झाकणं पुन्हा सोडायला सांगा. एकेकटी असली की पेन्सिलीला घासून का होईना, निघून जातात. हे त्याने स्वतःच्या हाताने केलं की दोरीचा हट्ट तोच सोडेल, असा मला भरवसा आहे. शिवाय सगळ्यांच्या ट्यूब एकत्र बांधायच्या म्हणणाऱ्या काकालाही तोच हे करून दाखवेल.

पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. प्रवाह दुप्पट वेगाचा झाला की ढकलणारा जोर चौपट होतो. मोठं माणूस पाय रोवून उभं असलं तरी नुसतं वीतभर, म्हणजे पंधरा सेंटिमीटर खोल पाणी जोरात वाहत असेल तर त्याला पाडू शकतं. दोरीत अडकलेली रिकामी ट्यूब म्हणजे त्या जोराला धरायला दिलेलं शीडच झालं, आणि दुसऱ्या टोकाला तुमचा मुलगा असणार.

मग त्या पाचव्या ट्यूबचं काय? माझं मत असं, की ती रद्द करा, आणि केली हे त्याला आधीच सांगा, तिथे गेल्यावर कळू देऊ नका. त्याऐवजी त्याला ताईशी बोलू द्या. सहल तिची कल्पना होती ना? मग आखणीही तिच्याकडून येऊ द्या. कोण पुढे, कोण मध्ये, कोण मागे, हे तिने ठरवून त्याला कळवावं. आणि जमलं तर, पण अगदी त्याच्या कलाने, त्याला एकट्याला फोन देऊन तुम्ही खोलीबाहेर जा. "त्या दिवशी अच्छा करायचं राहिलं" एवढं वाक्य तो म्हणेल किंवा म्हणणार नाही. दाराला कान लावू नका आणि नंतर काय बोललास असं विचारूही नका.

सहलीला जातोय हे मुलीपासून लपवू नका, हे ओघाने आलंच. घरची मंडळी आपल्यासाठी सुतक पाळल्यासारखी बसली आहेत हे लांब गेलेल्या मुलीला कळतं, आणि मग ती तिकडे मोकळेपणी हसत नाही. तिला थोडं चुटपुटल्यासारखंही वाटेल, आपल्यावाचून गेले म्हणून. वाटू दे. दोन्ही गोष्टी एका वेळी वाटू शकतात, हे तिलाही शिकायचंय. फक्त त्या दिवशी तिच्यावर फोटोंचा मारा करू नका.

माझी एक आठवण सांगते. मी चौदा वर्षांची असताना माझा मोठा भाऊ घर सोडून नोकरीला लांब गेला. पुढच्याच आठवड्यात बाबांनी आम्हाला नदीवर नेलं, आमचं मन रमावं म्हणून. अख्खा दिवस छान गेला. पण त्या दिवसात एकानेही भावाचं नाव घेतलं नाही. प्रत्येक जण दुसऱ्याला जपत होता. परतताना गाडीत त्याची जागा मधली होती, तिथे आम्ही ओले टॉवेल ठेवले होते, आणि त्या टॉवेलांकडे बघून आई अचानक रडायला लागली. आम्हाला वाटलं, तिला बरं नाही. घरी येऊन चारही जण चार कोपऱ्यांत रडलो. बाबांचं नदीवर नेणं चुकलं नव्हतं. सकाळी निघतानाच कोणीतरी "तो असता तर पहिली उडी त्यानेच मारली असती" एवढं म्हणायला हवं होतं. तुमच्या घरी ते तुम्ही म्हणा. गाडीत बसता बसता, साध्या आवाजात, तिचं नाव घेऊन. एकदा नाव घेतलं गेलं की दिवसभर कोणालाही ते गिळून बसावं लागत नाही.

इथपर्यंत मनाचं झालं. नदीचंही तितक्याच मनापासून लिहिते, कारण नुकत्याच निरोपातून आलेल्या घराचं लक्ष एका जागी नसतं, आणि नदीला लक्ष लागतं.

तलावात शिकलेलं पोहणं वाहत्या पाण्यात निम्मंही कामाला येत नाही. तलावात दम लागला की कड धरता येते. नदीत पाणी तुम्हाला कडेपासून नेत असतं. म्हणून लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहणाऱ्यालाही, आणि पट्टे लावूनच. हवेने फुगवलेले दंडाचे फुगे किंवा स्वतः ट्यूब ही त्याची जागा घेत नाहीत. ट्यूब निसटते. मुलाचं जॅकेट त्याच्या वजनाचं हवं. काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत माझ्या भाच्याला तिथल्या माणसाने मोठ्यांचं जॅकेट घातलं आणि "चालतंय" म्हणाला. मी भाच्याला दोन्ही हात वर करायला सांगितलं आणि खांद्याजवळ धरून जॅकेट वर ओढलं, तर ते सरळ त्याच्या कानांपर्यंत आलं. आत हनुवटी, नाक सगळं बुडालं. पाण्यात नेमकं हेच होतं, जॅकेट वर तरंगतं आणि मूल त्यातून खाली सरकतं. त्या दिवशी आम्ही पाण्यात उतरलो नाही. भाचा रुसला, पण संध्याकाळपर्यंत विसरला. ही हात वर करायची परीक्षा तुम्ही काठावर प्रत्येकाची घ्या, दिरांचीसुद्धा.

पाणी किती गार आहे ते आधी विचारा. उन्हाळा असला तरी धरणातून सोडलेलं किंवा डोंगरातून आलेलं पाणी बोचरं असू शकतं. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. पंधरा अंश सेल्सिअसच्या खालच्या पाण्यात अचानक पडलं की श्वास आपोआप खेचला जातो आणि धाप लागते. ते आपल्या हातात नसतं. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. गारठ्याचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास करणाऱ्या कॅनडातल्या गॉर्डन गीसब्रेख्त यांनी अतिथंड पाण्यासाठी एक हिशेब सोपा करून ठेवलाय. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची दहा मिनिटं हातपाय नीट चालतात, आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास. मुलाला यातलं पहिलं मिनिट तेवढं शिकवा. पडलास तर लगेच पोहायला लागायचं नाही. जॅकेटवर भार टाकायचा, श्वास शांत होऊ द्यायचा, मग हलायचं.

आणि पडल्यावर उभं राहायचं नाही. ही गोष्ट मोठ्यांनाही उलटी वाटते, कारण पाय टेकले की वाचलो असं आपल्याला वाटतं. वाहत्या पाण्यात तळाच्या दोन गोट्यांमध्ये पाऊल अडकलं की मागून येणारं पाणी माणसाला पुढे पाडून दाबून धरतं, तेही कमरेएवढ्या पाण्यात. पाठीवर पडायचं, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्यावर दिसतील अशी, आणि हातांनी वल्हवत काठाकडे सरकायचं. पाणी गुडघ्याखाली आलं की मगच उभं राहायचं. घरी जमिनीवर पाठीवर झोपून हे दोनदा करून घ्या. पायात मागे पट्टा असलेली पादत्राणं घाला. साधी चप्पल पहिल्या मिनिटाला जाते आणि तिच्या मागे माणूस हात टाकतो.

वळणावर पाणी बाहेरच्या काठाकडे ढकलतं. तिथेच ते खोल आणि वेगवान असतं, आणि पडलेली झाडंही बहुधा तिथेच अडकून असतात. फांद्यांमधून पाणी गाळणीतून जावं तसं निघून जातं, माणूस आणि ट्यूब अडकतात. वळण दिसलं की आतल्या, उथळ बाजूला यायला आधीपासूनच वल्हवायला लागा, तिथे पोचल्यावर नको. वाटेत बंधारा आहे का, हे निघायच्या आधी नक्की विचारा. बुटका बंधारा वरच्या बाजूने दिसतच नाही, पुढे पाण्याची सपाट रेघ तेवढी दिसते. त्याच्या पायथ्याशी पाणी स्वतःभोवती गोल फिरत राहतं आणि पडलेल्याला पुन्हा पुन्हा आत ओढतं. चांगला पोहणाराही तिथून सुटत नाही. वाटेत असा बंधारा असेल आणि त्याच्या बऱ्याच अलीकडे बाहेर निघायची सोय नसेल, तर ती नदी तुमच्यासाठी नाही. वरच्या बाजूला पाऊस झाला असेल, पाणी गढूळ होऊन चढत असेल, तर माघारी फिरा. ढगांचा गडगडाट ऐकू आला की बाहेर या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात जाऊ नका.

दिरांच्या बिअरचं. बाहेर निघेपर्यंत नाही. लाओसमधल्या वांग विएंग गावाला नाम सोंग नदीवरच्या ट्यूबच्या सफरीमुळे जगभरातून तरुण मुलं यायची, आणि काठाकाठाने बार उभे राहिले होते. इतकी माणसं दगावली की २०१२ मध्ये सरकारने ते बार बंद केले. हे दिरांना तुम्ही सांगू नका, त्यांच्या मोठ्या भावाने सांगावं. तुम्ही सांगितलंत तर वहिनीचा मूड नाही असं होईल.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त वाटते, म्हणून शेवटाकडे ठेवली. बुडणारं माणूस ओरडत नाही. फ्रँक पिया नावाच्या जीवरक्षकाने बुडणाऱ्या माणसांचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. त्यात दिसलं की श्वास घेण्यातच सगळी ताकद जाते, हाक मारायला उरत नाही. हात वर करून हलवणंही जमत नाही, ते आपोआप बाजूला पाणी दाबत राहतात. वीस सेकंद ते एक मिनिट, एवढाच वेळ असतो. तुम्ही दोघं त्या दिवशी मधूनच मुलीच्या आठवणीत जाणार. नदीवर वाहताना मन वाहतंच, आणि त्यासाठीच तर जायचं. पण दोघंही एकाच वेळी जाऊ नका. मुलगा मध्ये, एक मोठं माणूस त्याच्या हाताच्या अंतरावर, आणि ते कोण हे नाव घेऊन ठरवलेलं. 'आपण सगळे बघतोय' म्हणजे कोणीच बघत नाही. एका वळणापर्यंत त्याचे बाबा, पुढच्या वळणापर्यंत तुम्ही. पाळी बदलताना तोंडाने म्हणा, "आता माझ्याकडे." मग ज्याची पाळी नाही त्याने खुशाल आभाळाकडे बघावं, हसावं, रडावं. आदल्या रात्री झोपच लागली नसेल, तर मात्र तुम्ही पाळी घेऊ नका, काठावर सासूबाईंजवळ बसा. त्यातही कमीपणा नाही.

तुमच्या हातात अजून दहा दिवस आहेत. आज संध्याकाळी सासूबाईंशी बोला, काम द्यायला म्हणून नाही, नुसतं विचारायला, की घरात तिची कमी त्यांना कुठे जाणवते. उद्या ताट, नळ आणि दोन झाकणं. पेन्सिल त्याला धरू द्या.